पाहुण्यालाच रानाचा राखणदार करा



मृगाचे दोन-चार सडाके पडले, डोंगर हिरवे झाले, की शहरातली माणसे रानाकडे निघतात. भंडारदरा, माळशेज, ताम्हिणी, आंबोली, कास पठार ही नावे आता सर्वांना ठाऊक आहेत. शनिवार-रविवारी घाटात मोटारींची रांग लागते. रस्त्याकडेला मक्याची कणसे भाजणाऱ्या बाईला चार पैसे मिळतात. ज्यांनी घराची एखादी खोली झाडून-सारवून पाहुण्यांना दिली, त्यांच्या हातात भात विकण्याआधीच रोकड येते. २०२० साली महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटन धोरण ठरवले आणि शेतावर पाहुणे ठेवणे हा कुक्कुटपालन किंवा दुधासारखा जोडधंदा मानला जाऊ लागला. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे.

पण सोमवारी सकाळी त्याच रस्त्याने गुरे चरायला निघतात, तेव्हा काय दिसते? ओढ्याकाठी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, बांधावर कुरकुरीतच्या पुड्या, झाडाखाली जेवणाच्या पत्रावळी आणि खाचराच्या कडेला फुटलेली दारूची बाटली. ज्यांनी तिथे आनंद केला ते मुंबई-पुण्याला पोचलेले असतात. मागे राहिलेले निस्तरायचे ते आपण.

हे नुसते डोळ्यांना वाईट दिसते एवढ्यावर भागत नाही. उरलेली भाजी-पोळी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून कोणी टाकली, तर गाय ती गाठ सोडून खात नाही, पिशवीसकट गिळते. ती पिशवी तिच्या कोठीपोटात जाऊन बसते. तिथून ती पुढे सरकत नाही आणि पचतही नाही. अशा पिशव्या साठत गेल्या की रवंथ मंदावतो, पोट फुगते, जनावर चारा सोडते, दूध आटते. शेवटी पोट फाडून तो गोळा काढण्याची पाळी येते आणि त्यातून प्रत्येक जनावर वाचतेच असे नाही. तार किंवा खिळा गिळला गेला तर तो जाळीपोटातून थेट काळजापर्यंत टोचू शकतो.

फुटक्या बाटलीचे तर विचारूच नका. चिखलणीला आणि लावणीला आपली माणसे अनवाणी चिखलात उतरतात. चिखलातली काच दिसत नाही, पाय चिरला की मगच कळते. आणि ऐन लावणीत घरची एक बाई चार दिवस पाय धरून बसली, तर त्या नुकसानीचा हिशेब कोणत्या पर्यटकाकडे मागायचा?

पाट्यांनी काम का होत नाही?

मग आपण काय करतो? ग्रामपंचायत पाटी लावते. 'येथे कचरा टाकण्यास सक्त मनाई आहे. टाकल्यास दंड करण्यात येईल. हुकुमावरून.' काही ठिकाणी त्याखाली आणखी एक ओळ असते, 'पर्यटकांनी या जागेचा उकिरडा केला आहे.' आठ दिवसांनी पाहावे तर कचरा नेमका त्या पाटीच्या बुडाशीच साठलेला असतो. मग गावची तरुण पोरे चिडतात, एखादी मोटार अडवतात, शब्दाने शब्द वाढतो. पाहुणा दुखावतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्या वाटेने जाऊन दुसऱ्या गावात घाण करतो.

शेती विस्ताराच्या कामात माझी तीस वर्षे गेली. या कामाचा पहिला धडा असा, की रागावून कोणी बियाण्याला औषध चोळत नाही. 'तुम्ही जुन्या वळणाचे, तुमची पद्धत चुकीची' असे म्हणत आम्ही गावात शिरलो, तर चहा मिळेल, पण शेत बदलणार नाही. चारसूत्री भात लागवड गावात रुजली ती प्रात्यक्षिकाच्या तुकड्यामुळे. एकाने दोरी लावून नियंत्रित लावणी केली, युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचल्या, शेजाऱ्याने बांधावर उभे राहून फुटवे मोजले, आणि पुढच्या वर्षी न सांगता त्याने दोरी आणली. माणूस सुधारतो तो असा, शेजाऱ्याकडे पाहून आणि आपल्याला जमेल असा विश्वास वाटून. शहरातला पाहुणाही माणूसच आहे. त्याला हा नियम लागू पडणार नाही असे कसे म्हणावे?

मनाच्या शास्त्राचे म्हणणे

मानसशास्त्र म्हणजे मनाचा अभ्यास करणारे शास्त्र. फार वर्षे या शास्त्राचे पंडित मनाच्या आजारांवरच जास्त लक्ष देत असत. १९९८ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष मार्टिन सेलिगमन यांनी असे मांडले, की आजाराचा अभ्यास हवाच, पण माणूस आनंदी कशाने होतो, त्याच्यातले चांगले गुण कशाने वाढतात, हेही तितक्याच काळजीने पाहिले पाहिजे. या विचाराला सकारात्मक मानसशास्त्र म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर शेतातली रोगट रोपे तेवढी पाहू नका. त्याच वाफ्यात जी चार रोपे जोमदार आहेत ती का जोमदार आहेत, तेही शोधा आणि बाकीच्यांना तसे वाढू द्या.

या दिशेने केलेल्या काही प्रयोगांचा आपल्याला फार उपयोग आहे.

पहिला प्रयोग अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातला. तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले एक मोठे रान आहे आणि शासनाने ते राखून ठेवले आहे. येणारे लोक आठवण म्हणून दगडी लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. रॉबर्ट चाल्दिनी आणि त्यांच्या सोबत्यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि दोन तऱ्हांच्या पाट्या लावून पाहिल्या. एका पाटीचा आशय असा, की आजवर पुष्कळ लोकांनी तुकडे नेले आणि त्यामुळे या रानाचे रूप बदलले. दुसरीवर साधी विनंती होती, की रान जसे आहे तसे राहावे म्हणून तुकडे नेऊ नका. विनंतीच्या पाटीजवळचे शंभरात दोन तुकडेही गेले नाहीत. 'पुष्कळांनी नेले' या पाटीजवळचे मात्र शंभरातले जवळजवळ आठ तुकडे गेले. म्हणजे चोरी थांबावी म्हणून लावलेल्या पाटीने चोरीची वाट दाखवली. 'सगळेच नेतात, मग मी एक नेला तर काय बिघडले?' असे माणसाचे मन म्हणते. आता आपल्या गावच्या 'पर्यटकांनी उकिरडा केला आहे' या पाटीचा विचार करा. ती पाटी येणाऱ्याला सांगते, की टाका, इथे सगळेच टाकतात!

दुसरा प्रयोग १९७५ साली प्रसिद्ध झाला. तो शिकागोच्या एका शाळेतल्या पाचवीच्या मुलांवर झाला. एका वर्गाला रोज उपदेश केला, की मुलांनो, तुम्ही नीटनेटके राहिले पाहिजे, कागद टोपलीत टाकले पाहिजेत. दुसऱ्या वर्गाला उपदेश केला नाही. त्यांना इतकेच सांगत गेले, की तुमचा वर्ग किती नीटनेटका आहे, तुम्ही मुले स्वच्छतेची काळजी घेणारी आहात. मग मुलांना गोळ्या वाटून वरचे कागद कुठे जातात ते मोजले. ज्यांना 'तुम्ही नीटनेटके आहात' म्हटले होते, त्यांचे कितीतरी जास्त कागद टोपलीत गेले, आणि काही दिवसांनी पुन्हा पाहिले तेव्हाही हा फरक टिकून होता. माणूस आपल्याला जसे नाव मिळते तसे वागू पाहतो. आपल्याकडेही 'आमची सून फार कामाची' असे चारचौघांत म्हटले जाते, त्या घरची सून आणि 'हिला काही येत नाही' म्हणणाऱ्या घरची सून यांत फरक पडतोच की नाही?

तिसरा प्रयोग जेवणाचा आहे. युरोपातील स्लोव्हेनिया देशातल्या एका हॉटेलात मुलाबाळांसह उतरणाऱ्या कुटुंबांना एक कार्ड दिले. जेवणानंतर ताटात काही उरले नाही तर कार्डावर एक शिक्का मिळे, आणि मुक्कामाअखेर सर्व शिक्के जमले तर लहानसे बक्षीस. कोणी रागावले नाही, अन्नाचे मोल सांगणारे भाषण केले नाही. मुलांनीच आईबापांना ताट पुसून घ्यायला लावले आणि ताटातले उष्टे सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. जो गुळाने मरतो त्याला विष कशाला, म्हणतात ते असे.

वेळासची कासवे आणि अकोल्याचे काजवे

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण वाळूत खड्डा करून अंडी घालते. पूर्वी ही अंडी माणसे आणि कोल्ही-कुत्री उकरून नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या मदतीने ती राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून तिथे कासव महोत्सव होऊ लागला. पिल्ले बाहेर येण्याच्या दिवसांत शहरातली माणसे वेळासला येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, घरचे जेवण जेवतात. सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर दोरी बांधलेली असते. तिच्या अलीकडे पाहुणे उभे राहतात आणि पिल्ले वाळूवरून खुरडत समुद्राकडे जातात. तळहाताएवढे पिल्लू पहिल्या लाटेत शिरताना पाहून माणूस हरखतो, आणि अशा हरखलेल्या माणसाला 'दोरी ओलांडू नका' असे ओरडून सांगावे लागत नाही.

नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, भंडारदरा धरणाच्या परिसरात मे महिन्याच्या अखेरीपासून जूनमधला पाऊस जोर धरीपर्यंत काजव्यांचा हंगाम असतो. हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एका तालात उघडझाप करतात. हे पाहायला फार मोठी गर्दी लोटते. काजव्याचा उजेड म्हणजे त्यांची लग्नाची बोलणी असतात. नर चमकतो, मादी उत्तर देते, मग त्यांची गाठ पडते. काही जातींत तर मादीला उडताच येत नाही, ती गवतात बसून उजेडाने बोलावते. मोटारीचे दिवे, बॅटऱ्या, मोबाइलचे झोत यांनी ही बोलणी मोडतात आणि झाडाखाली गर्दी झाली की गवतातले काजवे पायाखाली जातात. शेतकऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. काजव्याची अळी गोगलगायी आणि मातीतले लहान किडे खाऊन वाढते. गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे कशी फस्त केली ते मराठवाड्याच्या शेतकऱ्यांना विचारा. काजवा हा बिनपगारी गडी आहे.

आता पाहुण्याला हे सांगावे कसे? 'बॅटरी लावाल तर बाहेर काढू' असेही सांगता येईल. पण असे सांगून पाहा: 'दादा, सगळे दिवे विझवा आणि पंधरा-वीस मिनिटे इथे गप्प बसा. डोळे अंधाराला सरावले की आत्ता दिसत नाहीत ते काजवेही दिसू लागतील.' हे अक्षरशः खरे आहे, कारण अंधाराची सवय व्हायला डोळ्यांना तेवढा वेळ लागतोच. पाहुणा दिवा विझवतो तो स्वतःला जास्त दिसावे म्हणून, आणि त्यात काजव्यांचे काम आपोआप होते.

माझ्या मते साऱ्या गोष्टीचे सार इथे आहे. पाहुणा घर सोडून आला तो आनंदासाठी. रानाला जपण्याने त्याचा आनंद कमी होतो असे त्याला वाटले, तर तो पळवाट काढील. जपण्यानेच आनंद वाढतो हे एकदा त्याला दाखवून दिले, की त्याचा आनंदच रानाची राखण करतो.

आपल्या घरी काय करता येईल?

ज्यांच्याकडे पाहुणे उतरतात, किंवा ज्यांच्या शेताजवळून पाहुण्यांची वाट जाते, त्यांनी पुढील गोष्टी करून पाहाव्यात. खर्च जवळजवळ नाही.

१. पाटीची भाषा बदला. 'मनाई' आणि 'हुकूम' काढून टाका. कारण सांगा आणि विनंती करा. उदाहरणार्थ, 'या झऱ्याचे पाणी आमची मुले आणि गुरे पितात. साबण वापरायचा असेल तर घागर भरून घ्या आणि पलीकडच्या दगडावर धुवा.' काय करू नये यापेक्षा काय करावे आणि कुठे करावे, ते लिहा. खोटे मात्र लिहू नका. कचऱ्याचा ढीग पडला असताना 'येथे सर्वजण स्वच्छता पाळतात' असे लिहिलेत तर पाहुणा हसेल.

२. आल्याबरोबर गूळ-पाणी देतानाच चार शब्द बोला. 'इथे वाडीवर घंटागाडी येत नाही, तुमच्या शहरात येते. म्हणून बाटल्या-पुड्या या पिशवीत ठेवा आणि जाताना बरोबर न्या.' जुन्या लुगड्याची शिवलेली एक पिशवी हातात द्या. बहुतेकांना गावात कचऱ्याची सोय नसते हे ठाऊकच नसते. सांगितले की पटते.

३. सही घ्या. पॅसिफिक महासागरात पलाउ नावाचा जेमतेम अठरा-वीस हजार वस्तीचा बेटांचा देश आहे. २०१७ पासून तिथे येणाऱ्या प्रत्येक परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टावर एक प्रतिज्ञा उमटवतात आणि तिच्याखाली त्याची सही घेतात. ती प्रतिज्ञा तिथल्या मुलांना उद्देशून आहे, की तुमचे बेट मी जपीन. आपण पाहुण्यांच्या वहीत आपल्या मुलाच्या हातची दोन ओळींची विनंती लिहून तिच्याखाली सही घेऊ शकतो. आपल्या हाताने सही केलेला शब्द माणूस सहसा मोडत नाही.

४. वाढताना आग्रह आवरा. आपल्याकडे उष्टे पडते त्याला आपला आग्रहही कारण असतो. पहिल्यांदा थोडे वाढा आणि सांगा, की हवे तितके मागून घ्या. ताट स्वच्छ करणाऱ्या मुलाला ओल्या भुईमुगाची मूठ द्या, नाहीतर वालाचे चार दाणे द्या, घरी कुंडीत लावायला. ते दाणे पिकवायला किती दिवस लागले तेही सांगा.

५. पाहुण्यांना काम द्या. आंब्याची साल कोणत्या खड्ड्यात टाकायची ते दाखवा, सहा महिन्यांपूर्वीच्या सालीचे झालेले खत त्यांच्या हातात द्या. मुलांना गांडुळे पाहायला फार आवडतात. ज्याने एकदा आपल्या हाताने खत चाळले, तो त्यात प्लॅस्टिक टाकणार नाही.

६. आभार नेमके माना. 'बरे झाले आलात' हे तर म्हणाच, पण 'तुम्ही ओढ्यातल्या दोन बाटल्या काढून आणल्यात, आमच्या गुरांचे भले केलेत' असेही म्हणा. नेमके कौतुक माणूस घरी घेऊन जातो आणि पुढच्या गावी तसाच वागतो.

आधी आपला बांध

पाहुण्याला सांगण्याआधी एक कडू गोष्ट बोलावी लागेल. आपल्या बांधावर काय पडले आहे? कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या, मल्चिंगचा फाटका कागद, ठिबकच्या तुटक्या नळ्या, शांपूच्या पुड्या. हे पर्यटकाने टाकलेले नाही. घाण असेल तिथे आणखी घाण पडते आणि स्वच्छ अंगणात टाकताना हात अडखळतो, हे प्रयोगांनीही दिसून आले आहे. गाडगेबाबांना हे कोणी शास्त्रज्ञाने शिकवले नव्हते. गावात शिरले की ते कोणाला काही न म्हणता खराटा घेऊन झाडायला लागत, आणि थोड्याच वेळात गावकरी लाजून आपापले खराटे घेऊन येत. आपण त्यांच्याच मुलखातले आहोत. औषधाच्या बाटल्या फवारणीनंतर तीनदा खळबळून धुवा, ते पाणी पंपातच ओता, बाटली भोक पाडून निकामी करा आणि पाण्यापासून, गुरांपासून व मुलांपासून दूर ठेवा. तिच्यात तेल किंवा रॉकेल भरून ठेवण्याची चूक कोणी करू नये.

दुसरी गोष्ट घरातली. पाहुण्यांचे घर चालवायचे म्हणजे खोली झाडणे, भाकरी थापणे, भांडी घासणे, पाणी भरणे हे बहुतेक ठिकाणी घरच्या बाईवर पडते. त्यावर पाहुण्यांचा कचरा वेचण्याचे कामही तिच्याच माथी आले, तर हा जोडधंदा कोणासाठी? पैसे मोजताना आणि कामे वाटताना तिला विचारा. पाहुण्यांशी बोलण्याचे काम तिच्याकडे आले तर ते जास्त चांगले होते, असा माझा अनुभव आहे. 'मावशी सांगतात' म्हटले की शहरातला अरेरावी करणारा तरुणही नरमतो.

गोड बोलणे म्हणजे मिंधेपणा नव्हे

कोणी म्हणेल, साहेब, दारू पिऊन धबधब्यावर धिंगाणा घालणाऱ्याला गूळ-पाणी देऊन काय होणार? खरे आहे. त्याला काही होणार नाही. असे थोडे लोक असतातच आणि त्यांच्यासाठी कायदा आहे. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ पासून आणि साऱ्या देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या कितीतरी प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बंदी आहे. वाळल्या गवतात चूल पेटवणे, वणवा लावणे, फुटक्या बाटल्या टाकणे असे कोणी केले तर पोलीस पाटील आणि वनरक्षकांना कळवा. स्वतः हातघाईवर येऊ नका. गर्दीलाही मर्यादा हवी. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला किती जणांना सोडायचे ते ठरलेले आहे, शुल्क घेतले जाते आणि आसपासच्या गावांतील लोकांची समिती व्यवस्था पाहते. नियम आणि आपुलकी यांचे वैर नाही. बैलाला वेसण असतेच, पण वेसण हिसडण्यापेक्षा पाठीवर थाप मारून बैल चांगला चालतो, हे गाडीवानाला सांगावे लागत नाही.

मुद्दा एवढाच, की शंभरातल्या त्या चार-पाचांसाठी बाकीच्या पंचाण्णवांना चोर ठरवू नका. त्या पंचाण्णवांना नुसते कोणी तरी नीट सांगायला हवे असते.

एक छोटे प्रात्यक्षिक

माझे म्हणणे खरे मानून चालू नका. शेतात आपण नवे बियाणे आधी चार गुंठ्यांवर करून पाहतो, तसे हेही करून पाहा. गावच्या तरुण मंडळाने किंवा महिला बचत गटाने येत्या हंगामात एक जागा निवडावी. ओढ्याचा काठ असो, वाहने थांबण्याची जागा असो. पहिले दोन शनिवार-रविवार जुनी पाटी आहे तशीच ठेवा. शनिवारी सकाळी जागा पूर्ण झाडून घ्या. रविवारी संध्याकाळपर्यंत किती मोटारी आल्या ते मोजा. सोमवारी सारा कचरा पोत्यात भरून ताणकाट्यावर तोला आणि दहा मोटारींमागे किती किलो पडला ते वहीत मांडा. पुढचे दोन शनिवार-रविवार नवी पाटी लावा, सकाळी दोन माणसे किंवा शाळेतली मोठी मुले वाटेवर उभी करून गोड शब्दांत विनंती करा, पिशव्या द्या. पुन्हा तसेच तोला. पाऊस फार पडला किंवा सणाची सुट्टी आली तर तसा शेरा लिहा, कारण गर्दी बदलली की आकडा बदलतो.

चार सोमवारांचे चार आकडे ग्रामसभेत वाचून दाखवा. फरक पडला तर नवी पाटी कायमची लावा आणि शेजारच्या गावाला बोलावून दाखवा. नाही पडला तर पाटीचे शब्द बदलून पुन्हा पाहा. आणि ते आकडे या सदराकडे पोस्टाने कळवायला विसरू नका. कोणत्या गावात कोणत्या शब्दांनी काम झाले, ते इतर गावांनाही कळले पाहिजे. लावणीच्या दिवसांत आपल्या माणसांचे पाय शाबूत राहिले आणि गुरांच्या पोटात चाऱ्याशिवाय काही गेले नाही, तर पाहुणे कितीही येवोत, आपले दार उघडेच राहील.